अस्त्र आणि अस्त्रकार : निमाडातून पाहता

बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे वीस किलोमीटर गेले की असीरगडाचा डोंगर लागतो. १६०१ साली अकबराने हा गड घेतला आणि दक्षिणेचा दरवाजा त्यास मोकळा झाला. १८१९ साली तो इंग्रजांच्या हाती गेला आणि मराठ्यांशी चाललेले त्यांचे शेवटचे युद्ध समाप्त झाले. इतिहासाच्या पुस्तकांत गडाची नोंद बहुधा एवढीच. निमाडातील सामान्य माणसास मात्र हा गड ठाऊक आहे तो अश्वत्थाम्यामुळे. गडावरील शिवमंदिरात पहाटेच्या अंधारात येऊन तो चिरंजीव पिंडीवर फूल वाहून जातो, अशी येथील श्रद्धा आहे. कपाळीच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा तर साऱ्या मराठी मुलखाच्या ओळखीचा आहे.

ह्या श्रद्धेच्या खरेखोटेपणाशी येथे आम्हांस कर्तव्य नाही. पण सौप्तिकपर्वातील मूळ प्रसंग वाचकांनी एकदा आठवून पाहावा. द्रोणाने ब्रह्मशिर अस्त्र दोघांस दिले होते, अर्जुनास आणि आपल्या पुत्रास. पुत्रास ते नाखुषीने दिले आणि मनुष्यांवर सोडू नये असे बजावून दिले. अखेरच्या प्रसंगी दोघांनीही ते सोडले. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र माघारी घेतले. अश्वत्थाम्यास ते जमेना, म्हणून त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविले. अस्त्र सोडण्यात दोघे समान होते. महाभारतकाराने त्यांच्यांतील अंतर दाखविले आहे ते अस्त्र आवरण्याच्या विद्येत, आणि शाप दिला आहे तो ती विद्या नसणाऱ्यास.

त्याच गडावर एके काळी एक मोठी पंचधातूची तोफ होती. तिचे नाव ‘मुल्क हैबत’. औरंगजेबाच्या कारकिर्दीत, हिजरी १०७४ मध्ये, म्हणजे इसवी सन १६६३ च्या सुमारास, ती बऱ्हाणपुरात ओतली गेली आणि ओतणाऱ्या कारागिराचे नाव, महंमद हुसेन अरब, तिच्यावर कोरलेले होते. दारू किती ठासावी, गोळा किती वजनाचा घालावा, हेही त्या लेखात सांगितले होते. आणि तेथेच एक फारसी पद्यही होते, ज्यात तोफ स्वतः बोलते व आपल्या तोंडून दुःखाच्या ठिणग्या उडाल्या की देहातून प्राण निघून जातो, अशा अर्थाचे काही म्हणते. आमच्या मते ह्या लेखाची मांडणी मोठी विचार करण्याजोगी आहे. कारागिराने नाव आपले घातले, मोजमाप आपले घातले. शोक मात्र तोफेच्या तोंडी घातला गेला.

विनाशाचे साधन घडविणाऱ्याने आपल्या घडणीविषयी काय विचार केला, हा प्रश्न विसाव्या शतकात अणुबाँबाने जगापुढे नव्याने आणला. त्याची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की लगेच रॉबर्ट ओपेनहायमर आणि गीता यांचे नाव निघते. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला तेव्हा विश्वरूपदर्शनाच्या अध्यायातील बत्तिसावा श्लोक मनात आला, असे ओपेनहायमर यांनी पुढे सांगितले. त्यांचे चित्रफितीवरील प्रसिद्ध निवेदन १९६५ चे आहे. बर्कली येथे आर्थर रायडर यांच्यापाशी ते संस्कृत शिकले होते, त्यामुळे ही आठवण काही उसनी नव्हती. तथापि त्या निवेदनाने आपली मंडळी ज्या अभिमानाने फुलून जातात, तो आम्हांस कधी कळला नाही. मुळात ‘काळ’ आहे तेथे त्यांनी ‘मृत्यू’ म्हटले, ही बाब लहान समजू. पण त्याच्या पुढच्याच श्लोकात अर्जुनास ‘निमित्तमात्र’ होण्यास सांगितले आहे, आणि हे पद शास्त्रज्ञाने आपल्यास लावून घेतले तर त्याच्या विवेकास करण्यासारखे काहीच उरत नाही. ओपेनहायमर यांचे मन तेवढ्याने निवले नाही. पदार्थशास्त्रज्ञांना पापाची ओळख पटली आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी १९४७ सालीच काढले होते.

अमेरिकेतील त्या प्रकल्पाचा विशेष असा, की शंका आणि घडण ही दोन्ही एकाच छपराखाली नांदत होती. जर्मनी बाँब करीत नाही हे स्पष्ट झाल्यावर १९४४ च्या अखेरीस जोसेफ रॉटब्लाट लॉस अ‍ॅलमॉस सोडून निघून गेले. जून १९४५ मध्ये जेम्स फ्रांक यांच्या समितीने बाँब जपानी वस्तीवर न टाकता त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे असा अहवाल दिला. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांच्या विनंतिपत्रावर शिकागोच्या ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या; ते अध्यक्ष ट्रूमन यांच्या हाती पोचलेच नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी भस्म झाले. म्हणजे या मंडळींना अस्त्र आवरता आले नाही, हे खरेच. पण आवरण्याचा यत्न अस्त्रकारांनीच केला होता आणि त्याचा कागद शिल्लक आहे.

आता आपल्याकडे वळू. येथे हा विचार कोणी केला, कोणत्या वेळी केला आणि त्याचे काय झाले? हे शोधू लागलो असता आम्हांस दोन माणसे समोरासमोर ठेवावीशी वाटली. दोघेही गोमंतकीय. दोघेही गांधीजींच्या प्रभावळीतील पित्यांचे पुत्र. एकाने अस्त्र जन्मण्यापूर्वीच त्या वाटेस विरोध केला. दुसऱ्याने ते घडविण्यात अग्रभागी राहून काम केले, आणि या दुसऱ्याचे बालपण आमच्या निमाडात गेले आहे.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील धर्मानंद यांनी मराठी वाचकास बुद्धाची खरी ओळख करून दिली. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ कोणास ठाऊक नाही? १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर हार्वर्डमध्ये शिकले, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत राहिले आणि होमी भाभा यांनी १९४५ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिल्यावर तेथे बोलावले गेले. घर पुण्यास आणि संस्था मुंबईस, म्हणून डेक्कन क्वीनने त्यांचे जाणेयेणे चाले. आनुवंशिकीत आजही वापरले जाणारे एक सूत्र त्यांनी १९४४ साली मांडले होते. पिंडातील बीज पुढील पिढीत कसे उतरते याचे गणित ज्याने केले, त्यास किरणोत्साराचा अर्थ इतरांहून लवकर उमगला असल्यास नवल नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दामोदर कोसंबी पित्यासारखे अहिंसाव्रती नव्हते. ते मार्क्सवादी होते आणि बाँबाविरुद्ध त्यांची हरकत पापपुण्याच्या भाषेत कधी आली नाही. जागतिक शांतता चळवळीत ते १९५० च्या सुमारास शिरले, परिषदांना गेले, लिहीत राहिले. आणि सर्वत्र त्यांचा प्रश्न एकच असे : हा खर्च कोण करतो, कोणासाठी करतो, आणि शास्त्रज्ञास पोसतो कोण? शास्त्रज्ञाचे स्वातंत्र्य त्याच्या पोशिंद्या वर्गाच्या गरजांशी बांधलेले असते, हा विचार त्यांनी १९५२ सालच्या एका निबंधात मांडला आहे. ओपेनहायमर यांच्या व्यथेपेक्षा हा प्रश्न रुक्ष वाटेल. आमच्या मते तो अधिक अडचणीचा आहे, कारण व्यथा एकट्याने भोगता येते. या प्रश्नास मात्र संस्थेत, कचेरीत आणि अंदाजपत्रकात उत्तर द्यावे लागते.

२५ जुलै १९६० रोजी पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी ‘भारतासाठी अणुशक्ती’ या विषयावर भाषण केले. श्रोते सुखवस्तू, वक्ता अणुशक्तीच्या गाभ्यात काम करणाऱ्या संस्थेचा अध्यापक, आणि सांगणे असे की या दरिद्री देशास वर्षभर लाभणारे ऊन सोडून हा महागडा, घातक कचरा मागे ठेवणारा मार्ग पत्करण्याचे कारण नाही. सूर्यशक्ती जेथल्या तेथे, लहान प्रमाणावर वापरता येते, हा तिचा मोठा गुण त्यांनी पुढे केला. बाँब तेव्हा भारताच्या बेतात नाही, असे सरकार म्हणत होते. कोसंबींनी बोट ठेवले ते बाँबाच्या अलीकडे, ज्या भट्टीतून त्याचे द्रव्य निघते तिच्यावर. त्याच महिन्यात तुर्भ्यास, म्हणजे इंग्रजांनी ज्याला ट्रॉम्बे केले तेथे, कॅनडाच्या साह्याने बांधलेली ‘सायरस’ भट्टी सुरू झाली होती. चौदा वर्षांनी पोखरणला जे उडाले, त्याचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले.

१९६२ साली संस्थेने कोसंबींचा करार वाढविला नाही. त्याचे सगळे खापर अणुशक्तीविरोधावर फोडणे न्यायाचे होणार नाही. रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकासंबंधी त्यांनी केलेला दावा गणितज्ञांस मान्य झाला नव्हता, इतिहास आणि नाणेशास्त्रात त्यांचा वेळ जात होता, आणि स्वभावही तिखट होता. तरी परिणाम एवढा निश्चित, की अणुसंशोधनाच्या घरात बसून त्या घराच्या पायाविषयी मोठ्याने बोलणारा माणूस त्यानंतर तेथे राहिला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात कोसंबी वारले. त्यांचे अणुशक्तीवरील आणि शांततेवरील लेख एकत्र ग्रंथरूपाने निघण्यास १९८६ साल उजाडले.

मोठ्याने बोलणे त्या काळी अवघड का होते, याचे आणखी एक कारण कायद्यात आहे. १९४८ साली अणुशक्तीचा कायदा संविधान सभेपुढे आला तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारले, की शांततेसाठी काम करावयाचे तर इतकी गुप्तता कशाला? शांततेचा उपयोग आणि संरक्षणाचा उपयोग यांत भेद कसा करावा हे आपणांस ठाऊक नाही, अशा अर्थाचे उत्तर पंडित नेहरूंनी दिले. इतके प्रांजळ उत्तर त्यानंतर या विषयावर सरकारी बाजूने क्वचितच ऐकू आले असेल. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यानंतर शास्त्रज्ञांची पहिली परिषद दिल्लीस भरावी असे ठरत होते. सुएझच्या संकटामुळे ती हुकली आणि १९५७ साली कॅनडातील पगवॉश या गावी भरली. दिल्लीस ती भरती, तर आपल्या शास्त्रज्ञांच्या चर्चेस काही निराळे वळण मिळते काय, असे आमच्या मनात अनेकदा येते. १९५६ च्या एप्रिलात नेहरूंनी आमच्या शेजारच्या नेपानगरची कागदगिरणी राष्ट्रास अर्पण केली आणि ऑगस्टात तुर्भ्यास ‘अप्सरा’ भट्टी पेटली. त्या वर्षी देशाचा उत्साह असा होता, की शंका घेणारा अरसिक ठरावा.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने स्फोट केला आणि आठच दिवसांनी भाभा आकाशवाणीवर बोलले. १९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारा हाच शास्त्रज्ञ. आता त्यांनी अमेरिकी आकड्यांच्या आधारे सांगितले, की दहा किलोटनांच्या स्फोटास साडेसतरा लाख रुपये लागतील. भाषणात निःशस्त्रीकरणाचा पुरस्कारही होता, पण लोकांच्या ध्यानात राहिला तो भाव. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभा गेले. त्यांच्या जागी आलेले विक्रम साराभाई बाँबाच्या बाजूचे नव्हते. एका स्फोटाची किंमत म्हणजे संरक्षणाची किंमत नव्हे, हे त्यांनी १९६६ च्या जूनमध्ये वार्ताहरांस समजावून सांगितले. अणुशक्ती आयोगाचा अध्यक्षच शंका बोलून दाखवितो, हा प्रसंग आपल्या इतिहासात फार दुर्मिळ. १९७१ च्या अखेरीस तेही गेले.

१८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटात तुर्भ्यातील पंच्याहत्तरच्या आसपास शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ गुंतले होते. त्यास ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले गेले आणि संकेत म्हणून नाव घेतले गेले ते बुद्धाचे. धर्मानंदांच्या वाचकास हे नाव येथे पाहून कसे वाटले असेल, ते सांगण्याची गरज नाही. राजा रामण्णा त्या कार्याचे धुरीण होते. १९९७ साली त्यांनी वृत्तसंस्थेस सरळ सांगितले, की तो बाँबच होता. बंदूक माणसावर झाडली काय अन् जमिनीवर झाडली काय, ती बंदूकच. तेवीस वर्षे ज्या शब्दाआड साऱ्या राष्ट्राने आपला विवेक झाकून ठेवला, तो शब्द त्यांनी एका वाक्यात दूर सारला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणीच आहोत. पण हे बोल स्फोटाआधी किंवा लगोलग निघते, तर त्यांवर वाद झाला असता. वादाची वेळ टळून गेल्यावर ते निघाले.

आता दुसरे गृहस्थ. अनिल काकोडकर यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९४३ रोजी बडवानी येथे झाला. शिक्षण बडवानी आणि खरगोण येथे झाले आणि मॅट्रिकनंतर ते मुंबईस गेले. आई कमलाबाई आणि वडील पुरुषोत्तम दोघेही गांधीमार्गी. १९४६ साली डॉ. लोहियांच्या प्रेरणेने गोव्यात सत्याग्रह पेटला, त्यात पुरुषोत्तम काकोडकर धरले गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांस शिक्षा देऊन पोर्तुगालात नेऊन ठेवले. शस्त्र न उचलता साम्राज्याशी भांडणारा बाप समुद्रापलीकडच्या बंदिवासात आणि मुलगा निमाडच्या शाळेत, असे ते बालपण. १९६४ साली अनिल काकोडकर तुर्भ्याच्या केंद्रात रुजू झाले. १९७४ च्या स्फोटात त्यांचा भाग होता, १९८५ साली पेटलेल्या ‘ध्रुव’ भट्टीच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि ११ व १३ मे १९९८ च्या पोखरण स्फोटांच्या वेळी ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. त्याच मे महिन्याच्या आरंभी पुरुषोत्तम काकोडकर निवर्तले.

या दोन घटनांवरून पितापुत्रांच्या मनांचा नाट्यमय अर्थ लावण्याचा मोह कोणासही होईल. तो आम्ही आवरतो. काकोडकर यांनी आपली भूमिका उघड सांगितली आहे : राष्ट्राच्या सुरक्षिततेस हे सामर्थ्य हवे होते आणि ते स्वबळावर मिळविणे हे कर्तव्य होते. तिची उपेक्षा करून चालणार नाही. उत्तरेस अण्वस्त्रधारी चीन होता. १९७० साली अमलात आलेल्या प्रसारबंदीच्या कराराने पाच राष्ट्रांची अस्त्रे जागच्या जागी ठेवली आणि इतरांस व्रत घ्यावयास लावले. तंत्रसाह्य बंद झाले. परक्या सत्तेपुढे मान न वाकविणे हाच ज्या घराचा संस्कार, त्या घरातील मुलास हे सामर्थ्य स्वातंत्र्याचेच पुढचे पाऊल वाटले, तर ते संस्काराशी विसंगत आहे असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. आमची हरकत दुसरीकडे आहे. गांधीजींच्या शिकवणीत स्वातंत्र्य आणि साधनशुचिता ही एकत्र होती. तुर्भ्याने त्यांतील पहिले घेतले. दुसऱ्याचा निर्णय राज्यकर्त्यांकडे सोपविला आणि आपण निमित्तमात्र झाले. रॉटब्लाट यांच्याप्रमाणे अस्त्र घडविता घडविता उठून गेलेला एकही भारतीय शास्त्रज्ञ ज्ञात इतिहासात नाही. फ्रांक यांच्या अहवालासारखा, आतूनच निघालेला कागदही नाही.

शंका नव्हती असे नव्हे. ती बाहेर होती. पदार्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले सुरेंद्र गाडेकर गुजरातेतील वेडछी येथे राहून १९८७ पासून ‘अणुमुक्ती’ काढीत होते. १९९८ च्या स्फोटांनंतर मुंबई, चेन्नई आणि बंगळूर येथील संशोधनसंस्थांतील कित्येक शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या, आणि त्यांत कोसंबींच्या जुन्या संस्थेतीलही होते. पण हे लोक अस्त्रकार नव्हते. ज्यांनी घडविले ते बोलले नाहीत. जे बोलले त्यांनी घडविले नव्हते. लॉस अ‍ॅलमॉसच्या एका भोजनगृहात जी भांडणे होत, ती आपल्याकडे दोन निराळ्या घरांत, एकमेकांस ऐकू न जाता चालली.

याचा पुरावा पाहावयाचा तर २००९ सालचा वाद पाहावा. १९९८ च्या चाचण्यांत संरक्षण संशोधन विभागातर्फे सहभागी असलेले के. संथानम यांनी त्या वर्षी जाहीर केले, की त्यांतील औष्णिक-आण्विक चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नव्हती. काकोडकर आणि आर. चिदंबरम यांनी त्याचे खंडन केले. भूकंपमापनाचे आकडे आले, विवराचा व्यास आला, वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. अस्त्रकार अस्त्रकारांशी उघडपणे भांडले, आणि भांडण झाले ते अस्त्र पुरेसे फुटले की नाही एवढ्यावर.

आणखी एक गोष्ट नोंदवून लेखणी ठेवतो. २०११ साली केंद्र सरकारने सौर ऊर्जेसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी अनिल काकोडकर यांची नेमणूक झाली. २०२४ पासून ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगणाऱ्या पट्ट्यांवर नर्मदेकाठचे ऊन पडून वीज निघू लागली आहे, आणि ती मोठ्या तारांवाटे निमाडाबाहेरही जाते. पुण्याच्या त्या भाषणात कोसंबींनी मागितलेले ऊन ते हेच. फक्त त्यांना ते ज्याच्या त्याच्या छपरावर हवे होते.